रिकाम्या चौकटीची यात्रा : यास्ना गोरा, १९५७ ते १९८०

२ सप्टेंबर १९६६ रोजी वॉर्साहून काटोवित्सेकडे निघालेली एक गाडी पोलंडच्या पोलिसांनी बेन्जिन गावाजवळ अडवली. गाडीत चेंस्तोहोवाच्या मारियामातेच्या चित्राची नऊ वर्षांपूर्वी काढलेली एक प्रत होती. पोलिसांनी ती काटोवित्सेला जाऊ दिली नाही. त्यांनी ती चेंस्तोहोवा शहरातल्या यास्ना गोरा मठात नेऊन पोहोचवली आणि इथून ती हलवायची नाही, असे मठाला बजावले. पुढची जवळजवळ सहा वर्षे मठाच्या फाटकावर पोलिसांची पाळत होती. बाहेर पडणाऱ्या गाड्या तपासल्या जात होत्या.

मूळ चित्र त्याच मठात, आपल्या जागी, रोज हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर होते. त्याला कम्युनिस्ट सरकारने हात लावला नाही. मग प्रतीची एवढी धास्ती का? आणि ती अडकवून ठेवल्यावर जे घडले त्याने सरकारचेच नुकसान का झाले? या प्रकरणाचा गाभा एवढाच आहे.

चित्र, मठ आणि वेढा

मठ १३८२ चा. ओपोलेचा राजपुत्र व्लादिस्लाव याने हंगेरीहून पॉलाइन संघाचे साधू आणून तो वसवला. दोन वर्षांनी त्यानेच बेल्झ येथून हे चित्र आणून मठाला दिले. बेल्झ आज युक्रेनमध्ये आहे. चित्र लिंडनच्या फळीवर रंगवलेले, सुमारे १२२ सेंटिमीटर उंच आणि ८२ सेंटिमीटर रुंद. शैली बायझंटाइन: डाव्या हातावर बाळ येशू, उजवा हात त्याच्याकडे निर्देश करणारा. १४३० मध्ये मठावर दरोडा पडला तेव्हा चित्राची मोडतोड झाली आणि क्राकोव्हमध्ये ते दुरुस्त करून घेतले गेले. मारियामातेच्या उजव्या गालावरचे दोन समांतर व्रण त्या घटनेची खूण म्हणून राखले आहेत. आज पोलंडमध्ये या चित्राची प्रत ओळखू येते ती या व्रणांवरून. म्हणजे पोलंडचे सर्वांत ‘पोलिश’ चित्र पूर्वेकडच्या शैलीचे, आजच्या युक्रेनमधून आलेले आणि हंगेरीत जन्मलेल्या संघाने सांभाळलेले आहे. राष्ट्रीय प्रतीकांची कुळे खोदायला गेले की असेच काहीतरी हाती लागते.

राष्ट्राशी नाते जुळले ते १६५५ च्या स्वीडिश आक्रमणात. १८ नोव्हेंबरला जनरल म्युलरच्या फौजेने मठाला वेढा घातला आणि नाताळ उलटताच तो उठवला. आत मठाधिपती आउगुस्तिन कोर्डेत्स्की, सुमारे ७० साधू आणि दोनेकशे लढणारे होते. बाहेरच्या फौजेचा आकडा सुरुवातीला दोन हजारांच्या थोडा वर होता, तो पुढे तीन हजारांवर गेला. कथेत सहसा न येणाऱ्या दोन गोष्टी इथे नोंदवायला हव्यात. एक, मूळ चित्र वेढ्याआधीच गुपचूप सिलेशियात हलवलेले होते. मठ लढला तो त्याच्या गैरहजेरीत. दोन, कोर्डेत्स्कीने मधल्या काळात स्वीडिश राजाला मान्यता देणारे पत्रही पाठवले होते. लष्करी दृष्ट्या वेढा किरकोळ होता. पण बाकीचा देश भराभर शरण जात असताना एक जागा टिकली, ही बातमी मोठी होती. १ एप्रिल १६५६ रोजी राजा यान काझिमिएश याने ल्वूवच्या (आज युक्रेनमधले ल्विव) कॅथेड्रलमध्ये मारियामातेला पोलंडची राणी म्हणून जाहीर केले. ८ सप्टेंबर १७१७ रोजी पोपने पाठवलेले मुकुट चित्रावर चढवले गेले.

१७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत देश नकाशावरून पुसला गेला. राजा, संसद, सैन्य काहीच उरले नाही. राणी तेवढी उरली. चेंस्तोहोवा आधी प्रशियाकडे गेले आणि १८१५ पासून रशियाच्या हद्दीत आले. तरी ऑस्ट्रियाच्या आणि प्रशियाच्या ताब्यातले पोलिश शेतकरी सीमा ओलांडून इथे येत राहिले. शाळेत रशियन किंवा जर्मन शिकावे लागणाऱ्या माणसाला इथल्या गर्दीत आपली भाषा बोलणारी परक्या राज्यातली माणसे भेटत. वॉर्साहून निघणारी पायी यात्रा १७११ पासूनची आहे. ६ ऑगस्टला निघून १४ तारखेला पोहोचायचे, नऊ दिवसांत साधारण २४५ किलोमीटर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऐतिहासिक कादंबऱ्यांनी वेढ्याची गोष्ट घराघरात पोहोचवली आणि प्रतीक पक्के झाले.

प्रत काढण्यामागचा हिशेब

दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्ट राजवट आली. पोलंडच्या चर्चचे प्रमुख कार्डिनल स्तेफान व्हिशिन्स्की यांना २५ सप्टेंबर १९५३ रोजी अटक झाली आणि तीन वर्षे चार वेगवेगळ्या ठिकाणी स्थानबद्ध ठेवले गेले. शेवटच्या ठिकाणी, कोमांचा येथे, त्यांनी मे १९५६ मध्ये ‘राष्ट्राची यास्ना गोरा प्रतिज्ञा’ लिहिली. ल्वूवच्या घोषणेला ३०० वर्षे पूर्ण होत होती, त्याचे निमित्त. २६ ऑगस्ट १९५६ रोजी यास्ना गोराच्या तटावर ती वाचली गेली तेव्हा खाली सुमारे दहा लाख लोक होते, आणि व्हिशिन्स्कींच्या रिकाम्या खुर्चीवर पांढऱ्या-लाल फुलांचा गुच्छ ठेवला होता. राष्ट्रध्वजाचे रंग, कुणाला समजावून सांगावे लागले नाहीत. दोन महिन्यांनी कार्डिनल सुटले.

९६६ मध्ये पोलंडचा शासक म्येश्को याने बाप्तिस्मा घेतला. त्या घटनेला १९६६ मध्ये एक हजार वर्षे होणार होती. व्हिशिन्स्कींनी १९५७ पासून नऊ वर्षांचा तयारीचा कार्यक्रम आखला. दर वर्षाला एक विषय. त्याच्या जोडीला ठरले की चित्राची प्रत देशातल्या प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, जाईल. मूळ फळी इतक्या प्रवासाला टिकणारी नव्हती. तोरूनचे चित्रकार व जीर्णोद्धारतज्ज्ञ लेओनार्ड तोर्विर्त यांनी मूळ मापाची प्रत तयार केली. मे १९५७ मध्ये रोमला नेऊन पोप पायस बारावे यांच्या हस्ते तिला आशीर्वाद घेतला, २६ ऑगस्टला ती मूळ चित्राला टेकवली आणि मग वॉर्साच्या कॅथेड्रलपासून फेरी सुरू झाली.

एका धर्मग्रामात प्रत २४ तास राहायची. पालखीच्या मुक्कामाची पूर्वतयारी ज्यांनी गावात केली आहे त्यांना ही यंत्रणा लगेच कळेल. काही दिवस आधी बाहेरून आलेले धर्मगुरू प्रवचने देत आणि लोक पापनिवेदनासाठी रांगा लावत. वर्षानुवर्षे चर्चकडे न फिरकलेली माणसे, तुटलेले संसार, गावातली जुनी भांडणे यांचा निपटारा शक्यतो त्याच आठवड्यात व्हावा, असा प्रयत्न असे. घरांच्या खिडक्यांत छोट्या प्रती, दिवे, पांढऱ्या-निळ्या पट्ट्या लागत. संध्याकाळी शेजारच्या धर्मग्रामाचे लोक प्रत हद्दीपर्यंत आणून सोपवत. मिरवणूक, मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी), मग रात्रभर जागर. कुठल्या वाडीची किंवा गल्लीची पाळी कुठल्या तासाला, हे आधी वाटून दिलेले असे. मध्यरात्री पुन्हा मिस्सा. सकाळी आजाऱ्यांसाठी, मग मुलांसाठी. दुपारनंतर निरोप, आणि पुढच्या हद्दीवर पुन्हा तेच.

यात नीट पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे हस्तांतर. एका गावाची माणसे दुसऱ्या गावाच्या माणसांना रस्त्यावर, सरकारी परवानगीखेरीज, ठरलेल्या वेळेला भेटत होती आणि हे वर्षानुवर्षे सलग चालले होते. कम्युनिस्ट पक्ष सोडला तर एवढी माणसे वेळेवर जमवू शकणारी दुसरी कुठलीही व्यवस्था देशात नव्हती.

सरकारची बाजू

सरकारने चर्च बंद केली नाहीत. गृहखात्यात १९६२ पासून फक्त चर्चवर नजर ठेवणारा चौथा विभाग होता. धर्मविषयक कारभारासाठी वेगळे सरकारी कार्यालय होते. त्यांचे साधे सूत्र असे की चार भिंतींच्या आत जे चालते ते चालू द्यावे, रस्त्यावर काही येऊ देऊ नये. म्हणून मिरवणुकीला परवानगी नाकारायची, धर्मगुरूला दंड ठोठवायचा, सजावट केलेल्या घरमालकाला दंड ठोठवायचा, प्रतीच्या गाडीसोबत मोटारसायकलवर गेलेल्यांवर वाहतुकीचे गुन्हे दाखल करायचे. १९६३ मध्ये व्रोत्सवाफला देवीची साथ आली तेव्हा आरोग्याचे कारण देऊन वॉर्साची पायी यात्राही बंद केली गेली. यातले एकही हत्यार श्रद्धेच्या विरोधात वापरल्यासारखे दिसत नाही. सगळी रहदारी, आरोग्य आणि सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नियमांतून येतात. प्रशासन म्हणून हे हुशारीचेच होते.

१९६५ च्या नोव्हेंबरात पोलिश बिशपांनी जर्मन बिशपांना पत्र लिहिले: आम्ही क्षमा करतो आणि क्षमा मागतो. युद्ध संपून वीस वर्षेच झाली होती. पक्षप्रमुख गोमूल्का यांना यात दोन गोष्टी एकदम दिसल्या: चर्च परराष्ट्र धोरण चालवू पाहते आहे आणि लोकांच्या मनातला जर्मनद्वेष आता आपल्या बाजूने वापरता येईल. व्हिशिन्स्कींचा पासपोर्ट अडवला गेला. पोप पॉल सहावे यांना सहस्राब्दीसाठी पोलंडला यायचे होते, त्यांना येऊ दिले नाही. ३ मे १९६६ च्या यास्ना गोरावरील मुख्य सोहळ्यात पुन्हा एक रिकामी खुर्ची, या वेळी पोपच्या चित्रासह.

त्याच वर्षी सरकारने ‘पोलिश राज्याची हजार वर्षे’ असा समांतर उत्सव मांडला. त्यात खरे काम होते. ‘सहस्राब्दीसाठी हजार शाळा’ या मोहिमेतून उभ्या राहिलेल्या इमारती आजही पोलंडभर वापरात आहेत. पण वेळापत्रक मात्र चर्चवर नजर ठेवूनच बनवलेले होते. कार्डिनल ज्या शहरात, त्याच शहरात किंवा शेजारी त्याच दिवशी सरकारी सभा, लष्करी संचलन, सामना. एका देशाचे दोन जन्मदिवस, एकाच तारखेला, एकमेकांना ऐकू जाईल एवढ्या अंतरावर साजरे होऊ लागले.

प्रतीवरची कारवाई याच सूत्रातून निघाली. २० जून १९६६ रोजी फ्रोम्बोर्कहून वॉर्साला येणारी प्रत लिक्सायनी गावाजवळ पोलिसांनी ताब्यात घेतली, ठरलेला स्वागतमार्ग टाळून राजधानीत आणली आणि कॅथेड्रलमध्ये सोडली. तिथे ती जाळी लावलेल्या खिडकीमागे ठेवली गेली. लोक रस्त्यावरून त्या खिडकीकडे पाहत गुडघे टेकू लागले. गजाआडची मारियामाता हे दृश्य कुठल्याही कार्यकर्त्याला योजून जमले नसते. ते वाहतुकीच्या बंदोबस्ताने तयार करून दिले. सप्टेंबरात बेन्जिनची घटना घडली आणि प्रत यास्ना गोराला बंदिस्त झाली.

चौकट

काटोवित्से धर्मप्रांतात स्वागताची तारीख ठरलेली होती आणि तयारी पूर्ण झाली होती. कार्यक्रम रद्द करायचा तर सरकारचा हेतू साधला असता. दुसरी प्रत काढणे सोपे होते. पण तीही जप्त झाली असती, आणि मग प्रत्येक नवी प्रत आधीच्या प्रतीची किंमत कमी करत गेली असती. तिसरा मार्ग निवडला गेला. चित्राची रिकामी चौकट, एक मोठी मेणबत्ती आणि शुभवर्तमानाचा ग्रंथ एवढेच पुढे निघाले. वेळापत्रक तेच, हस्तांतर तेच, रात्रीचे जागर तेच.

हे चालले याची कारणे अगदी व्यवहारातली आहेत. चित्र प्रत्येकाच्या घरी भिंतीवर होते. चौकटीत काय असायला हवे ते लहान मुलालाही ठाऊक होते. रिकाम्या लाकडी चौकटीवर बंदी घालायची तर कुठल्या कलमाखाली? जी वस्तू काही दाखवतच नाही तिच्यावर आक्षेप घेणाऱ्या अधिकाऱ्याचेच हसे झाले असते. धर्मगुरूला राजकीय भाषण करण्याची गरज उरली नाही. चौकट वेदीवर ठेवली की चित्र कुठे आहे आणि का नाही, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा. भाषणाबद्दल खटला भरता येतो. मौनाबद्दल भरता येत नाही.

सरकारची चूक इथे नेमकी दिसते. त्याने फेरीला वस्तू समजून वागवले. चौथ्या विभागाच्या दृष्टीने प्रत म्हणजे गर्दी खेचणारे चुंबक. ते काढून घेतले की गर्दी थांबेल. पण नऊ वर्षांत गर्दी उभी राहिली होती ती पाळ्या वाटण्यातून, पापनिवेदनाच्या रांगांतून, शेजारच्या गावाशी ठरवलेल्या वेळांतून. ती यंत्रणा प्रतीसोबत जप्त झाली नाही. १९६८ मध्ये चौकट क्राकोव्ह धर्मप्रांतात आली तेव्हा तिथले आर्चबिशप कारोल वोयतिवा गावोगावी तिच्या स्वागताला हजर राहत होते. दहा वर्षांनी ते पोप जॉन पॉल दुसरे झाले. मोठी गर्दी शांतपणे कशी हाताळायची, हे त्यांनी या काळात पुरेपूर पाहिले होते.

प्रत परत मिळवणे हा प्रकार एका धर्मगुरूच्या डोक्यातून निघाला. योझेफ वुयचिक यांनी राजवटीच्या तुरुंगाची हवा आधीच अनेकदा खाल्ली होती. १३ जून १९७२ रोजी त्यांनी दुसरे एक धर्मगुरू आणि दोन धर्मभगिनी यांच्या मदतीने संत पॉल एकांतवासी यांच्या चॅपेलमधून प्रत उचलली आणि गाडीतून राडोमला नेली. १८ जूनला तिथे जाहीर स्वागत झाले. सरकारने ती पुन्हा जप्त केली नाही. डिसेंबर १९७० मध्ये बाल्टिक किनाऱ्यावर कामगारांवर गोळीबार झाल्यावर गोमूल्का गेले होते; नवे पक्षप्रमुख गिएरेक यांना देशात शांतता आणि बाहेरून कर्ज हवे होते. एका चित्रासाठी राडोमच्या चौकात पोलीस उतरवणे त्यांना परवडणारे नव्हते.

जून १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यास्ना गोराला आले आणि इथे आपण नेहमीच स्वतंत्र होतो, असे तिथे म्हणाले. ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या गोदीचे फाटक संपकऱ्यांनी पोपच्या आणि चेंस्तोहोवाच्या मारियामातेच्या चित्रांनी सजवले. संपाचे नेते लेख वावेंसा कोटाच्या कॉलरवर तिचा बिल्ला लावत. ३१ ऑगस्टला सरकार आणि संपकरी यांच्यात करार झाला. प्रतीची पहिली फेरी १२ ऑक्टोबर १९८० रोजी चेंस्तोहोवात संपली, सॉलिडॅरिटी ही स्वतंत्र कामगार संघटना आकार घेत असलेल्या आठवड्यांत. वावेंसा यांनी १९८३ चे नोबेल पदक नंतर मठाला दिले. तिथल्या संग्रहात १९८१ च्या हल्ल्यात गोळी लागलेला पोपचा कमरपट्टाही आहे.

या चौकटीत कोण मावत नाही

या सगळ्याची दुसरी बाजू पोलंडच्या बाहेर कमी सांगितली जाते. १९३१ च्या जनगणनेत पोलंडमधले रोमन कॅथलिक सुमारे ६५ टक्के होते. ज्यू जवळजवळ १० टक्के, शिवाय ग्रीक कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट. खुद्द चेंस्तोहोवात मोठी ज्यू वस्ती होती. १९४१ मध्ये जर्मनांनी तिथे घेटो बनवला आणि १९४२ च्या शरदात तिथल्या लोकांना ट्रेब्लिंकाला नेऊन मारले. युद्धानंतर सीमा पश्चिमेकडे सरकल्या, ल्वूव आणि बेल्झ हातून गेले, आणि उरलेला देश जवळजवळ पूर्णपणे कॅथलिक झाला. ‘पोल म्हणजे कॅथलिक’ हे समीकरण व्हिशिन्स्कींच्या काळात इतके सहज पटत होते, याला हिटलर आणि स्टालिन यांनी केलेली माणसांची उलथापालथही कारण आहे. धर्माचा विचार करताना हे बाजूला ठेवून चालत नाही.

कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ दरम्यान राहिलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित याच उलथापालथीतले. बहुतेक स्त्रिया आणि मुले. पूर्व पोलंडमधून सैबेरिया आणि कझाकस्तानात धाडलेली. वळिवड्यात त्यांनी शाळा चालवल्या, चर्च उभारले. युद्ध संपले तेव्हा त्यांतल्या अनेकांचे गाव सोव्हिएत हद्दीत गेलेले होते. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातला स्मृतिस्तंभ त्यांचाच. ज्या राष्ट्राची हद्द इतक्या वेळा सरकली त्याला उचलून नेता येईल असे प्रतीक हवे असते, आणि चित्र, बिल्ला, चौकट ही सगळी उचलून नेता येतात.

१९८९ नंतर दडपणारे सरकार गेले, पण प्रतीकाचा वापर थांबला नाही. आता ते दडपणाऱ्यांच्या विरोधातले राहिले नाही. कोण खरा पोल हे ठरवण्याच्या वादातले झाले. मठाच्या पटांगणात राष्ट्रवादी गट आणि फुटबॉलप्रेमींच्या टोळ्या आपापल्या यात्रा काढतात. २०१९ मध्ये प्लोत्स्क शहरात मारियामाता आणि बाळ येशू यांच्या डोक्यामागची प्रभावळ इंद्रधनुष्याच्या रंगात दाखवणारी भित्तिपत्रके लागली. एका चर्चने समलैंगिकतेला पाप ठरवणारी सजावट केली होती, तिचा हा निषेध होता. तीन स्त्री कार्यकर्त्यांवर धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमाखाली, पोलंडच्या दंडसंहितेतल्या कलम १९६ खाली, खटला चालला. २ मार्च २०२१ रोजी न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. त्या पत्रकावरही गालाचे दोन व्रण तसेच होते.

दुसरी फेरी १९८५ मध्ये सुरू झाली. त्या वेळी प्रतीला पोलिसांनी कुठेच अडवले नाही.